दावणीची रिकामी जागा

गुरे रानातून घराकडे वळतात त्या वेळेला मराठी माणसाने ‘गोरज’ असे गोड नाव दिले आणि लग्नकार्यास ती घटका शुभ मानली. हे असे का, हे जाणण्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही. दिवसभर पांगलेले घर त्या घटकेस पुन्हा एकत्र येते. वावरात गेलेली माणसे, शाळेत गेलेली मुले, चरावयास गेलेली ढोरे, सर्वांची हजेरी याच वेळी लागते. गृहिणी चुलीपाशी बसल्या जागी घंटांच्या आवाजावरून ओळखते की तांबडी आली, बांडी आली, गोऱ्हा आला. आणि एखाद्या दिवशी एक घंटा वाजत नाही. दावणीचा एक खुंटा रिकामा राहतो. आत बांधलेले वासरू हंबरू लागते. मग जेवावयास बसलेला घरधनी ताट सरकवून उठतो, कोपऱ्यातली काठी व खुंटीवरची बॅटरी घेतो आणि अंधारात चालू लागतो.

ज्यांनी कधी गाय पाळली नाही अशा वाचकांस ही गोष्ट किरकोळ वाटण्याचा संभव आहे. एक जनावर वाट चुकले, उद्या सापडेल, त्यात एवढे काय? परंतु खेड्यापाड्यांतून ज्यांचा वावर आहे त्यांना ठाऊक आहे की त्या रिकाम्या खुंट्याभोवती एका कुटुंबाचे सारे वर्ष गुंतलेले असते, आणि त्या एका रात्रीत त्या घराची व त्याच्या शेजाऱ्यांचीही परीक्षा होत असते.

सीमेवरचा मुलूख

आदिलाबाद जिल्ह्यातील सीमेवरच्या गावांत हा प्रसंग विशेष जिव्हाळ्याचा आहे. हा मुलूख जरा समजून घ्यावा. जुना आदिलाबाद जिल्हा निजामी राज्यात होता. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे त्याचे तालुके मराठी मुलखाकडे आले. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी उरलेल्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. उत्तरेस पैनगंगा, तिच्या पलीकडे यवतमाळ. पश्चिमेस किनवटचे डोंगर. बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या बाजूंच्या गावांत मराठी घरोघर ऐकू येते. बाजारात एकाच झाडाखाली मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी व उर्दू अशा पाच भाषांतून भाव ठरतो. केरामेरी आणि जिवती यांच्यामधील सुमारे चौदा गावांवर तर दोन राज्ये हक्क सांगतात, आणि तेथील कित्येक माणसांनी दोन्हीकडे मतदान केले आहे.

माणसांनी नकाशावर रेघा ओढल्या, पण ओढाळ गाय नकाशा पाहत नाही. ती सकाळी तेलंगणात चरते, दुपारी नाल्याला पाणी पिते आणि सांजेस महाराष्ट्राच्या जंगलात सापडते. तिला शोधणाऱ्यालाही म्हणून एका भाषेवर भागत नाही. गोंड गुड्यावर जाऊन पटलाला विचारावे लागते, कोलामांच्या पोडावर चौकशी करावी लागते, तेलुगू शेजाऱ्याला गाईचा रंग हातवाऱ्यांनी सांगावा लागतो. हरवलेल्या जनावराने माणसांची ओळख करून दिली, असे या भागात पुष्कळदा घडते.

एका गाईचे मोल

येथील काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी पिकते. लहान कास्तकाराजवळ चार-पाच एकर वावर, एक बैलजोडी, एखाददुसरी गाय व चार शेळ्या एवढीच दौलत असते. गावठी गाय दूध ते किती देणार? पोरांच्या चहापुरते. परंतु ती गोऱ्हे देते, आणि गोऱ्ह्यांचे बैल होतात. विकत घ्यावयास गेल्यास चांगल्या बैलजोडीस आज लाखाच्या पुढे रुपये मोजावे लागतात. डवरणीच्या ऐन दिवसांत एक बैल नाहीसा झाला तर दुसरा असून नसल्यासारखा. एका बैलाने डवरे चालत नाही, तण कापसाच्या डोक्यावर जाते, आणि ट्रॅक्टर भाड्याने आणावा तर ओल्या काळ्या रानात तो रुततो.

गोंड लोकांच्या जीवनाचा अभ्यास करणारे क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे विद्वान १९४० नंतरच्या काळात याच जिल्ह्यात मारलावाई या गावी राहिले. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. शेती, गुरे आणि देवकार्य ही त्या समाजात एकमेकांत किती गुंफलेली आहेत हे त्यांनी जगापुढे मांडले. आजही पावसाळ्याच्या आरंभी गोंड गावांत अकाडीचा विधी होतो आणि रानात जाणाऱ्या गुरांसाठी रक्षण मागितले जाते. श्रद्धा वेगळी असेल, परंतु त्या मागण्यामागील काळजी आपणां सर्वांची एकच आहे.

गुरे का निघून जातात?

गाय पळाली की प्रथम गाईला दोष देण्याची आपली रीत आहे. वस्तुतः जनावर क्वचितच विनाकारण जाते. ते कोठे गेले हे शोधण्यापूर्वी ते का गेले याचा विचार केल्यास निम्मी पायपीट वाचते.

गाय माजावर आली असेल तर ती वळूच्या शोधात जाते. हा ऋतुकाल दर २१ दिवसांनी येतो आणि साधारण १२ ते १८ तास टिकतो. तेव्हा मागील तिथी ध्यानात असेल तर शोध शेजारच्या गावाच्या गोहनात घ्यावा, जंगलात नव्हे. गाय दिवसांत असेल आणि विण्याची घटका जवळ आली असेल तर ती कळप सोडून आडोशाला जाते. नवजात वासराला ती गवतात दडवून ठेवते, स्वतः दूर चरते, आणि अधूनमधून पाजावयास परत येते. अशा वेळी वासरू शोधत झुडपे बडवू नयेत. गाईवर दुरून नजर ठेवावी. ओटी भरली की ती आपल्या पायांनी तेथे नेते.

नवा विकत आणलेला बैल जुन्या धन्याच्या घराची वाट धरतो. ज्या बाजारातून किंवा गावातून तो आणला त्याच रस्त्याने विचारीत जावे. ढगांचा गडगडाट, दिवाळीचे फटाके, वाघाचा वास यांनी जनावर उधळते, आणि उधळलेले जनावर दम लागेपर्यंत पळून मग सावली व पाणी गाठते. उरली ती खरी ओढाळ गाय, जिला दुसऱ्याच्या वावरातील हिरवळीची चटक लागलेली असते. तिच्यासाठी जुन्या लोकांनी लोढणे काढले. गळ्यात अडकविलेला तो लाकडाचा ओंडका पायांत येतो आणि धावू देत नाही. ‘गळ्यात लोढणे’ हा शब्दप्रयोग आपण संसाराविषयी थट्टेने करतो, पण तो आला आहे गोठ्यातूनच.

माग काढण्याची विद्या

जुना गायकी, म्हणजे गावाची गुरे वळणारा मनुष्य, या विद्येत पंडित असतो. आखरावरून गुरे निघताना तो मोजतो, परतताना पुन्हा मोजतो, आणि एक कमी भरले तर कोणते कमी आहे हे न पाहता सांगतो. तो जमिनीकडे बघत चालतो. खुराच्या टोकाचा ठसा खोल असेल तर जनावर पळाले. चारी ठसे सारखे असतील तर रमत गेले. शेण ओले की वाळलेले, त्याच्यावर पोपडी धरली की नाही, यावरून तो वेळ सांगतो. ओल्या पांदणीवर त्याला वाचता येते तेवढे आपणांस छापील पानावर वाचता येणार नाही.

सापडल्यावरही काम संपत नाही. येथे उतावीळपणा घात करतो. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने तिला सभोवार बहुतेक सर्व दिसते. फक्त शेपटीच्या थेट मागे तिची आंधळी जागा आहे. तेथून कोणी धावत आला की ती भिऊन सुटलीच म्हणून समजावे. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ बाईंनी आपले आयुष्य गुरांच्या भीतीचा अभ्यास करण्यात घालविले. त्यांची शिकवण आपल्या कोणत्याही म्हाताऱ्या गायक्याला पटेल अशीच आहे: ओरडू नये, धावू नये, जनावराच्या खांद्याच्या रेषेपाशी बाजूने सावकाश जावे, एक पाऊल पुढे टाकावे आणि थांबावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे तिची सोबतीण गाय किंवा तिचे वासरू दाव्याने धरून न्यावे. एकटे जनावर माणसाच्या हाकेला बधत नाही, पण कळपाच्या हाकेला ओ देते.

याचे मोठे मौजेचे उदाहरण जर्मनीत घडले. मे २०११ मध्ये बव्हेरिया प्रांतात इव्होन नावाची सहा वर्षांची गाय कत्तलीच्या भीतीतून म्हणा किंवा स्वातंत्र्याच्या ओढीने म्हणा, कुंपण ओलांडून अरण्यात शिरली. पोलिसांच्या मोटारीशी तिची टक्कर होता होता वाचली, तेव्हा तिला गोळी घालण्याची परवानगी निघाली आणि लोकांनी ओरड केल्यावर ती स्थगित झाली. एका वृत्तपत्राने दहा हजार युरोंचे बक्षीस लावले. हेलिकॉप्टर फिरले. तिला भुलविण्यासाठी अर्न्स्ट नावाचा देखणा वळू आणून उभा केला. तीन महिने कशाचाही उपयोग झाला नाही. अखेर सप्टेंबरच्या आरंभी ती एका शेतकऱ्याच्या कुरणापाशी, त्याच्या वासरांच्या सोबतीस, आपण होऊन येऊन उभी राहिलेली आढळली. बक्षीस, यंत्र व बंदूक जेथे हरली तेथे चार वासरांची संगत जिंकली. पुढे प्राण्यांच्या एका आश्रयस्थानात तिला ठेवण्यात आले.

‘दिसली नाही’ हे दोन शब्द

आता आपण या विषयाच्या मर्माकडे येऊ. गाय शोधणारा मनुष्य सर्वप्रथम जेथे जातो ते रान नसते, शेजाऱ्याचे अंगण असते.

“काकाजी, आमची तांबडी गाय दिसली का हो तुमच्या वावराकडे?”

“नाही बा. दिसली नाही.”

पुष्कळदा हे उत्तर खरे असते. पण कधी कधी त्या काकाजींनी दुपारीच तांबडी पाहिलेली असते. ती त्यांच्या पऱ्हाटीत शिरली, दहा झाडे तुडविली, म्हणून त्यांनी दगड मारून तिला नाल्यापलीकडे हाकलले. रागाच्या भरात झाले खरे, परंतु आता सांगावे तर भांडण, आणि न सांगावे तर मनाला टोचणी. अशा वेळी ‘दिसली नाही’ हे दोन शब्द फार सोपे वाटतात. त्या दोन शब्दांची किंमत मात्र दुसरा देतो. जो मार्ग एका बोटाने दाखविता आला असता त्यासाठी एक कुटुंब रात्रभर उलट्या दिशेने भटकते.

न्याय दोन्ही बाजूंनी बोलला पाहिजे. गाईचा धनीही नेहमी निरपराध नसतो. सुगी संपण्यापूर्वीच गुरे मोकाट सोडणारे, रात्री दावे ‘चुकून’ सैल ठेवणारे आणि पहाटे पोट भरून आलेल्या गाईकडे पाहून आश्चर्य व्यक्त करणारे लोक आपल्या परिचयाचे आहेत. ज्याची सोयाबीन एका रात्रीत फस्त झाली त्याच्या घरीही मुलेबाळे आहेत. तेव्हा धन्याने आधी जाऊन नुकसान पाहावे, भरून देण्याचे बोलावे, मग गाईची चौकशी करावी. असे करणाऱ्याला ‘दिसली नाही’ हे उत्तर सहसा मिळत नाही.

ही भांडणे जुनी आहेत, म्हणून त्यांवरील कायदाही जुना आहे. इंग्रजी अंमलातील मुलखासाठी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला आणि त्यातून गावोगाव कोंडवाडे आले. आपले तेलुगू शेजारी त्यास बंदेल दोड्डी म्हणतात. पिकात शिरलेले जनावर धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे, असा त्यात दंडक होता. मूळ कायद्यात शेळीमेंढीस एक आणा, गाईबैलास चार आणे, म्हशीस आठ आणे व हत्तीस दोन रुपये असा दंड नेमलेला होता. आपल्या वाचकांपैकी कोणाचा हत्ती कोंडवाड्यात गेला नसावा. सात दिवसांत धनी न आल्यास पोलीस ठाण्यावर वर्णनाची नोटीस लागे आणि गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटली जाई. त्यानंतर आणखी सात दिवस वाट पाहून मग लिलाव. कोंडवाड्याच्या रखवालदाराला त्या लिलावात स्वतः बोली लावण्यास मनाई होती, यावरून कायदा करणाऱ्यांना मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता असे दिसते.

परंतु त्याच्याही कितीतरी शतके आधी मोशेच्या नियमशास्त्राने हा प्रश्न घेतला आणि कायद्याच्या पुढे एक पाऊल टाकले. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे की आपल्या वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसले तर ते त्याच्याकडे पोचते करावे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आणखी खुलासा आहे: धनी दूर राहत असेल किंवा ठाऊक नसेल तर ते जनावर आपल्या घरी आणून सांभाळावे, तो शोधीत येईल तेव्हा परत द्यावे, आणि पाहून न पाहिल्यासारखे करू नये. वाचकहो, नीट ध्यानात घ्या. चोरी करू नये एवढ्यावर शास्त्र थांबत नाही. ‘दिसली नाही’ म्हणणाऱ्यालाही ते बोलावून समोर उभे करते. आणि बैल मित्राचा नाही, वैऱ्याचा आहे. दोन घरांत बोलणे बंद असेल तर समेटाचे शब्द कोठून आणावेत हा पेच पडतो. वैऱ्याची गाय दाव्याला धरून त्याच्या अंगणात नेऊन बांधली म्हणजे शब्दांची गरजच उरत नाही.

रात्र आणि तिचे सापळे

आता थोडे कठोर बोलणे भाग आहे. पूर्वी रात्रीच्या शोधात साप, विंचू आणि कठडा नसलेली विहीर एवढ्यांचे भय होते. आज त्यात एक भर पडली आहे, आणि ती माणसाने घातलेली आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही ठिकाणी धुऱ्यावरून उघडी तार ओढून तीत खांबावरची वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे. ती तार डुक्कर, गाय व माणूस असा भेद करीत नाही. हरवलेली गाय शोधणारा बाप किंवा त्याच्यामागे निघालेले पोर अंधारात तिच्यावर पडले तर दोष दैवाचा नव्हे. सौर कुंपणाचा सौम्य झटका वेगळा आणि ही जिवंत तार वेगळी. पहिली पीक राखते, दुसरी मनुष्यहत्या करते. ज्याने अशी तार लावली असेल त्याने हा अंक खाली ठेवून आधी ती काढावी.

दुसरे भय वाघाचे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य पैनगंगेपासून फार दूर नाही. तेथील वाघ नदी ओलांडून भीमपूर, तामसीच्या शिवारात येतात आणि गुरे मारतात. खाली कव्वालचे जंगल २०१२ साली व्याघ्रप्रकल्प झाले. वाघाला जागा हवी हे खरे, आणि ज्याची एकुलती गाय गेली त्याचे दुःखही खरे. पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूस कारण मानलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. तिने ज्यांचे बळी घेतले असे मानले जाते त्यांत रानात गुरे राखणारी माणसेही होती. म्हणून सांगावेसे वाटते की मोठ्या जंगलाच्या कडेला सूर्यास्तानंतर एकट्याने शोधास जाऊ नये. गाय वाघाने मारली असे दिसले तर मढे हलवू नये, वनखात्यास त्वरित कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मागता येते. रागाने मढ्यावर विष घालणे हे सर्वांत वाईट. जानेवारी २०२४ मध्ये कागजनगरच्या वनात दोन वाघ मेलेले आढळले आणि तपासात विषप्रयोग उघड झाला. विषाने गेलेली गाय परत येत नाही आणि भरपाईच्या जागी तुरुंग मिळतो.

तिसरा सापळा हिरवा व निष्पाप दिसतो. पावसाने ओढ दिलेली कोवळी, खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले तिचे पोंगे, ज्यांस किरळ म्हणतात, जनावराने खाल्ले तर त्यातील विषाने ते धापा टाकून कोसळते. वेळ मिनिटांची असते. पशुवैद्याजवळ त्यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत पोचले पाहिजे. नुकत्याच फवारलेल्या पऱ्हाटीचेही तसेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी वीसाहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. जे माणसास मारते ते गाईस कसे सोडील? तेव्हा जनावर सापडल्यावर ते कोणत्या वावरात उभे होते हे विचारून घ्यावे, आणि ते वावर शेजाऱ्याचे असेल तर त्याने कोणते औषध फवारले हे त्याने मनमोकळेपणाने सांगावे. येथे मौन म्हणजे दगडाहून वाईट.

कीशाची गाढवे

जनावर हरविण्याची एक गोष्ट पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. कीश नावाच्या गृहस्थाची गाढवे हरवली. त्याने आपला तरुण मुलगा शौल याला एक चाकर बरोबर देऊन शोधावयास पाठविले. दोघे डोंगराडोंगरांतून हिंडले, प्रांत ओलांडून गेले, गाढवे सापडली नाहीत. दिवस लोटले तेव्हा शौल चाकराला म्हणाला की आता परत फिरू, नाही तर बाप गाढवांची काळजी सोडून आपलीच काळजी करू लागेल. पुढे शौल राजा झाला, म्हणून पुष्कळ वाचक ही ओळ ओलांडून जातात. पण राजपदापेक्षाही ती ओळ घरोघर उपयोगाची आहे.

तीत दोन गोष्टी आहेत. बापाने मुलाला एकटे पाठविले नाही. आणि मुलाला हे ठाऊक होते की बापाच्या मनात आपले मोल गाढवांहून मोठे आहे. आपल्या किती घरांतील मुलांना हे ठाऊक असते? गुरे राखणाऱ्या पोराच्या हातून गाय सुटली की त्याला पहिला प्रश्न काय विचारला जातो, हे आठवून पाहावे. ‘तुला लागले तर नाही ना?’ असा की ‘गाय कुठे घातलीस?’ असा? ‘गाय घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस’ असे वाक्य रागात सहज निघून जाते. दहा-बारा वर्षांचे पोर ते वाक्य खरे मानते. ते अंधारात नाल्याच्या कडेला बसून राहते, वाघाहून बापाला अधिक भिते, आणि घराकडचा दिवा दिसत असूनही परतत नाही. मग दावणीच्या रिकाम्या जागेबरोबर अंथरुणाचीही एक जागा रिकामी राहते. गाय दुसरी मिळते, कर्ज काढून मिळते, पण मिळते. म्हणून शोधावयास निघताना गुरे मोजावीत तशी माणसेही मोजावीत, आणि परतल्यावर पुन्हा मोजावीत.

येशूने सांगितलेला शंभर मेंढरांचा दाखला आपणां सर्वांस पाठ आहे. त्यातील मेंढपाळ सापडलेले मेंढरू मारीत आणीत नाही, खांद्यावर घेऊन येतो. त्या खांद्याचे महत्त्व समजण्यास न्यूझीलंडमधील एका मेंढ्याची हकीकत उपयोगी पडेल. श्रेक नावाचा तो मेरिनो मेंढा सहा वर्षे गुहांत लपून राहिला आणि एप्रिल २००४ मध्ये सापडला. त्याच्या अंगावर २७ किलो लोकर साचली होती; एरवी मेरिनोची लोकर चार-पाच किलो भरते. त्याला वाटले असेल की कातरीतून सुटलो. प्रत्यक्षात तो सहा वर्षे आपलेच ओझे वाहत होता. वाट चुकलेला बहुधा थकलेला असतो, मग तो चतुष्पाद असो वा द्विपाद. त्याला रपाटे नकोत, खांदा हवा. आणि दाखल्याचा शेवटही विसरू नये: मेंढरू घरी आल्यावर मेंढपाळ मित्रांना व शेजाऱ्यांना बोलावतो. शोधात जसे शेजारी लागतात तसेच आनंदातही लागतात.

घरी करून ठेवण्याजोगे

आता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून लेख पुरा करतो. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून गुरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारण्याच्या कामास जोर आला. तो क्रमांक वहीत उतरून ठेवावा, म्हणजे कोंडवाड्यात, बाजारात वा पोलिसांत ‘ही गाय माझी’ हे सिद्ध करता येते. गाईचा दोन्ही बाजूंनी फोटो मोबाईलमध्ये असावा. माजाच्या व विण्याच्या तिथी भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहाव्यात. दावे महिन्यातून एकदा हाताने ओढून पाहावे. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण याच कामात फार खरी ठरते, म्हणून लांब धावण्यापूर्वी आपल्या वाड्यामागचे कडब्याचे गंज व नाल्याची कपार आधी धुंडाळावी. रात्री जावेच लागले तर दोघांनी जावे, धुऱ्यावरून न जाता पांदणीने जावे, आणि कोणत्या बाजूस जातो हे घरी सांगून निघावे.

आणि उद्या सांजेस कोणी दारात येऊन विचारले, “मामा, आमची बांडी दिसली का?” तर बसल्या जागेवरून उत्तर देऊ नये. उठावे, चपला घालाव्यात आणि म्हणावे, “चल, मी येतो. दुपारी नाल्याकडे पाहिली होती.”